राखेवरील पाऊलखुणा : न्यायसहायक विज्ञानाच्या निवासी शिबिरात मुले काय शिकतात?

बायबलच्या जुन्या करारात, दानिएलच्या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात एक छोटीशी कथा आहे. बाबिलोनच्या मंदिरात बेल नावाच्या दैवतापुढे दररोज पीठ, मेंढरे आणि द्राक्षारस ठेवला जाई व सकाळी ते सारे संपलेले असे. दैवतच ते भक्षण करते अशी राजाची समजूत होती. दानिएलला ती मान्य नव्हती. परंतु केवळ शाब्दिक वाद घालून तो थांबला नाही. पुजारी बाहेर पडल्यानंतर त्याने राजाच्या समक्ष मंदिराच्या फरशीवर राख पसरविली. मग दार बंद करून त्यावर राजाची मोहोर उमटविण्यात आली. दुसऱ्या दिवशी मोहोर शाबूत होती, नैवेद्य मात्र नाहीसा झालेला होता. राजा हर्षभरित होऊन आत जाऊ लागला, तेव्हा दानिएलने त्याला उंबरठ्यावरच रोखले आणि आधी फरशीकडे पाहण्यास सांगितले. राखेवर पुरुषांची, स्त्रियांची आणि मुलांची पावले उमटलेली होती.

ही कथा न्यायसहायक विज्ञानाच्या पहिल्याच तासाला सांगावी अशी आहे. जागा साक्षीदारासमक्ष बंद करणे, तिच्यावर मोहोर लावणे, ती मोहोर शाबूत असल्याची खात्री करणे, आणि पाऊल आत टाकण्यापूर्वी जमिनीकडे पाहणे, या चारही गोष्टी आजचा तपासही तशाच मागतो. शालेय वयातील बुद्धिमान मुलांसाठी या विषयाची निवासी शिबिरे देशोदेशी भरतात. दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथांमुळे मुलांना त्यांचे आकर्षण वाटते, तर काही पालकांना काळजी वाटते की, खून-दरोड्यांच्या विषयात आपल्या मुलांनी का पडावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

न्यायसहायक विज्ञान म्हणजे काय?

‘न्यायवैद्यक’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. शवविच्छेदन करणारा डॉक्टर मृत्यूचे कारण व वेळ यांविषयी जे मत देतो, तो न्यायवैद्यकाचा प्रांत होय. न्यायसहायक विज्ञानाची व्याप्ती त्याहून मोठी आहे. बोटांचे ठसे, रक्त, केस, धागे, माती, शाई, हस्ताक्षर, विष, स्फोटके, बंदुकीची गोळी, मोबाईलमधील नोंदी अशा कोणत्याही वस्तूचे शास्त्रीय परीक्षण करून न्यायालयाला साहाय्य करणारे ते विज्ञान आहे. फ्रान्समधील लिआँ शहरी एडमंड लोकार्ड यांनी १९१० साली पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. दोन वस्तूंचा परस्परांशी संपर्क आला की प्रत्येकीचा काही अंश दुसरीवर राहतो, हे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व या शास्त्राचा पाया मानले जाते. महाराष्ट्रात या कामाचे संचालनालय मुंबईच्या कलिना भागात असून इतर शहरांत त्याच्या प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे या विषयाच्या शासकीय शिक्षणसंस्थाही आहेत.

या विषयाचे महत्त्व अलीकडे वाढले आहे, त्याला कायद्याचेही कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद आहे. ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत देण्यात आली. साहजिकच या क्षेत्रात प्रशिक्षित मनुष्यबळ मोठ्या संख्येने लागणार आहे. आज नववी-दहावीत असलेली मुलेच उद्या या प्रयोगशाळांत बसणार आहेत.

निवासी शिबिराची कल्पना

असामान्य बुद्धीच्या मुलांसाठी सुट्टीत निवासी वर्ग घेण्याची प्रथा नवीन नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ साली गणितात विलक्षण गती असलेल्या मुलांचा अभ्यास आरंभिला. त्यातूनच १९७९ साली अशा मुलांसाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले आणि निवासी उन्हाळी वर्ग सुरू झाले. आपल्याकडे केंद्र शासनाने २००८ साली सुरू केलेल्या ‘इन्स्पायर’ योजनेत, दहावीला अग्रक्रमाने उत्तीर्ण होऊन विज्ञान शाखेत गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी निवासी विज्ञान शिबिरांची तरतूद होती. न्यायसहायक विज्ञानाचे शिबिर हे याच कल्पनेचे एक रूप आहे.

मुक्काम का आवश्यक? कारण हे काम सावकाशीचे आहे. प्लास्टरचा साचा सुकावा लागतो, ओला कपडा वाळावा लागतो, शाईचे रंग कागदावर चढेपर्यंत थांबावे लागते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हे बसत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हुशार मुलाची एक खोड असते : शिक्षकांचा प्रश्न पूर्ण होण्याआधीच त्याचा हात वर जातो. शाळेत त्याचे कौतुक होते, गुणही मिळतात. या शिबिरात मात्र तीच सवय त्याच्या आड येते, आणि ती सुटण्यास दोन-चार दिवस जावे लागतात.

पहिला धडा : हात मागे

शिबिराची सुरुवात बहुधा एका रचलेल्या घटनास्थळाने होते. एका खोलीतील कपाटातून करंडक नाहीसा झाला आहे. खुर्ची उलटलेली आहे, पेला फुटलेला आहे, खिडकीखालच्या मातीत बुटाचा ठसा आहे. मुलांना प्रथम हात पाठीमागे बांधून दारातच उभे केले जाते. दहा मिनिटे केवळ पाहावयाचे आणि दिसेल ते लिहावयाचे. या वेळी जी चूक जवळजवळ प्रत्येक मुलाकडून होते, ती सांगण्यासारखी आहे. ‘चोराने पेला फोडला’ असे ते लिहितात. मार्गदर्शक विचारतात, ‘चोर तू पाहिलास का? पेला त्यानेच फोडला, हे तुला कसे ठाऊक?’ मुले ते वाक्य खोडतात आणि लिहितात, ‘टेबलाजवळ जमिनीवर काचेचे तुकडे आहेत.’ पहिल्या वाक्यात निष्कर्ष होता, दुसऱ्यात निरीक्षण आहे. हा भेद एकदा कळला की शिबिराचे अर्धे काम झाले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

त्यानंतर छायाचित्रे, मोजमाप, नकाशा आणि पंचनामा. प्रत्येक वस्तू स्वतंत्र पाकिटात जाते. तिच्यावर क्रमांक, दिनांक, वेळ व सही येते. ओला किंवा रक्ताचा डाग असलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावयाचा नसतो, कारण दमटपणामुळे बुरशी धरून डाग निकामी होतो. तो वाळवून कागदी पाकिटात ठेवावा लागतो. मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, याची नोंद कोठेही तुटता कामा नये. मुलांना हे लिखाण प्रारंभी कंटाळवाणे वाटते. परंतु बेलच्या मंदिराच्या दारावरची मोहोर तुटलेली निघाली असती, तर राखेवरील पावलांना कोणी किंमत दिली असती काय?

पुरावा किती बोलतो?

प्रयोगशाळेतील सत्रांत मुले खऱ्या अर्थाने रमतात. दिसायला सारख्याच असलेल्या दोन काळ्या पेनांच्या शाईचे ठिपके गाळणकागदावर देऊन कागदाची कड पाण्यात टेकविली की रंग वर चढत जातात. एका शाईतून निळा व जांभळा रंग निघतो, तर दुसरीतून तपकिरी व पिवळा. समजा, चिठ्ठीवरील शाई व संशयिताच्या पेनातील शाई सारखीच निघाली, तर चिठ्ठी त्यानेच लिहिली काय? नाही. त्या शाईची हजारो पेने बाजारात विकली गेलेली असतात. या परीक्षणाने भिन्न शाईचे पेन बाद करता येते, पण लिहिणाऱ्याचे नाव त्यातून कळत नाही.

रक्ताच्या प्राथमिक चाचणीचेही तसेच आहे. फिनॉल्फ्थॅलिनपासून बनविलेल्या द्रावणाचा व त्यानंतर हायड्रोजन पेरॉक्साईडचा थेंब टाकला की रक्ताचा डाग क्षणार्धात गुलाबी होतो. मुले टाळ्या वाजवितात. परंतु बटाट्यासारख्या काही वनस्पतींतील विकरेही हा रंग आणू शकतात. म्हणून ही चाचणी ‘रक्त असण्याची शक्यता आहे’ एवढेच सांगते. खात्रीसाठी दुसरी चाचणी करावी लागते, आणि ते रक्त माणसाचे की जनावराचे यासाठी तिसरी.

बोटांच्या ठशांशी मुलांची जुनी ओळख असते. आपल्या घरोघरी आजीने नातवंडांच्या बोटांवरील शंख आणि चक्रे मोजलेली असतात. शास्त्रातही ठशांचे मुख्य तीन गट मानले जातात : शंखासारखे वळण घेणारे, चक्राकार आणि कमानीसारखे. त्यांपैकी शंख सर्वांत अधिक व कमानी सर्वांत विरळ आढळतात. या रेषा जन्मापूर्वीच तयार होतात व सामान्यतः आयुष्यभर बदलत नाहीत. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावंडांना सर्वसाधारण डीएनए चाचणी वेगळे ओळखू शकत नाही, पण त्यांच्या बोटांचे ठसे भिन्न असतात.

ठशांच्या या शास्त्राचा एक मोठा टप्पा भारतात घडला, हेही मुलांना सांगितले पाहिजे. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय स्थापन झाले. तेथे वापरलेली वर्गीकरणाची पद्धत पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली; तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचे परिश्रम होते.

त्याच सुमारास बंगालमधील जलपाईगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला व त्याच्या पेटीतील पैसे चोरीस गेले. पेटीतील एका पंचांगावर तपकिरी डाग होता. तो कांगाली चरण नावाच्या माजी नोकराच्या उजव्या अंगठ्याचा ठसा असल्याचे कलकत्त्याच्या नोंदींवरून सिद्ध झाले. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली. खुनाच्या आरोपातून मात्र त्याला संशयाचा फायदा मिळाला. पंचांगाला त्याचा हात लागला होता, एवढेच ठसा सांगत होता. वार कोणी केला, हे कोणी पाहिले नव्हते. मुले येथे अस्वस्थ होतात. ‘पण खून त्यानेच केला असणार!’ असे कोणीतरी म्हणतेच. त्या ‘असणार’ या शब्दावर शिबिरात एक संपूर्ण संध्याकाळ चर्चा व्हावी, इतका तो महत्त्वाचा आहे.

तज्ज्ञही चुकतात

पुरावा जेवढे सांगतो त्याहून अधिक त्याच्या तोंडी घातले की काय होते, याचे उदाहरण अलीकडच्या काळातलेच आहे. ११ मार्च २००४ रोजी स्पेनमधील माद्रिद शहरात लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट होऊन १९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. एका प्लास्टिकच्या पिशवीवर मिळालेल्या ठशाची प्रत अमेरिकेच्या एफबीआयकडे गेली. तेथील तज्ज्ञांनी तो ठसा ओरेगन राज्यातील ब्रँडन मेफील्ड या वकिलाचा असल्याचे निश्चित केले. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच मत दिले. मेफील्ड यांना दोन आठवडे अटकेत काढावे लागले. स्पॅनिश पोलिसांना मात्र आरंभापासून शंका होती आणि अखेर तो ठसा अल्जेरियाच्या एका नागरिकाचा असल्याचे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकी शासनाने माफी मागून वीस लाख डॉलर भरपाई दिली. मेफील्ड यांनी इस्लाम स्वीकारलेला होता. मूळ चुकीचे कारण ते नव्हते. परंतु आपला निष्कर्ष पुन्हा तपासून पाहण्यात जी कुचराई झाली, तिला या गोष्टीने हातभार लावला असावा, असे अधिकृत चौकशीत नमूद झाले.

२००६ साली इंग्लंडमधील संशोधक इटिएल ड्रोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांपुढे ठशांच्या जोड्या ठेवल्या. त्या जोड्या जुळतात, असे मत त्याच तज्ज्ञांनी काही वर्षांपूर्वी दिले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. या वेळी, ही माद्रिद प्रकरणातील चुकलेली जोडी आहे, असे त्यांना सांगण्यात आले. पाचांपैकी केवळ एकच तज्ज्ञ आपल्या पूर्वीच्या मतावर राहिला. ठसे तेच होते. कानावर पडलेल्या गोष्टीमुळे डोळ्यांना दिसणारे बदलले.

हा प्रयोग शिबिरात सहज करता येतो. अस्पष्ट ठशांची एकच जोडी दोन गटांना द्यावी. एका गटाला सांगावे की संशयिताने गुन्हा कबूल केला आहे. दुसऱ्याला सांगावे की त्या दिवशी तो परगावी होता. दोन्ही गटांची उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. आपणच कसे फसलो, हे मुलांना जेव्हा कळते तेव्हा वर्गात शांतता पसरते. ती शांतता कोणत्याही व्याख्यानाहून अधिक शिकवून जाते.

याच शास्त्राने निरपराध माणसाला वाचविल्याचा इतिहासही मुलांपुढे ठेवावा. १९८४ साली इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रिज यांनी डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची पद्धत शोधली. त्याच परिसरात १९८३ व १९८६ साली दोन किशोरवयीन मुलींच्या हत्या झाल्या होत्या. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या हत्येची कबुलीही दिली होती. डीएनए चाचणीने सिद्ध केले की, दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. खरा गुन्हेगार, कॉलिन पिचफोर्क, पुढे १९८७ साली पकडला गेला. गुन्हे-तपासातील आपल्या पहिल्याच प्रकरणात डीएनएने एका निर्दोष मुलाची सुटका केली, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. कबुली आली म्हणजे सत्य आले, असे नसते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, संमतीशिवाय कोणाचीही नार्को, पॉलिग्राफ वा मेंदूची चाचणी करता येणार नाही, असा निर्णय दिला. सत्य शोधतानाही माणसाच्या मनाचे दार फोडता येत नाही, हे त्यातून मुलांना सांगता येते.

आयोजकांनी व पालकांनी घ्यावयाची काळजी

शिबिर चांगले की उथळ, हे ओळखण्यासाठी पालकांनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. मृतदेहांची खरी छायाचित्रे दाखविली जातात काय? शालेय मुलांना त्यांची गरज नाही. चोरीच्या प्रसंगातूनही सारी तत्त्वे शिकविता येतात. रक्ताच्या प्रयोगांत माणसाचे रक्त तर वापरत नाहीत ना? कृत्रिम द्रव पुरेसा आहे. मुलांच्या बोटांचे ठसे घेतलेले कागद अखेरच्या दिवशी त्यांना परत मिळतात की आयोजकांकडे राहतात? ते परत मिळालेच पाहिजेत. मुलांचे रक्तगट त्यांच्या आईवडिलांच्या रक्तगटांशी ताडून पाहण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये. दत्तक मूल असते, घराघरांत न उच्चारलेल्या गोष्टी असतात. एका तक्त्यामुळे एखाद्या लेकराचे आयुष्य ढवळून निघू शकते. एखाद्या गावात नुकत्याच घडलेल्या गुन्ह्याचे उदाहरणही घेऊ नये, कारण त्या कुटुंबातील कोणी वर्गात बसलेले असू शकते.

दुसरा प्रश्न निवडीचा आहे. केवळ परीक्षेतील गुणांवर निवड झाली तर शहरी शाळांचीच मुले पुढे येतात. निरीक्षणशक्ती ही गुणपत्रिकेत न दिसणारी देणगी आहे. कच्छ व राजस्थानच्या वाळवंटी भागात पाऊलखुणा वाचणाऱ्या पगींची मदत पोलीस आणि सीमेवरील जवान पिढ्यान्पिढ्या घेत आले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी शाळा पाहिलेली नव्हती. आपल्या आश्रमशाळांतील ज्या मुलाला रानातील वाटेवरून कोण गेले हे सांगता येते, त्याच्यासाठीही या शिबिरात जागा राखून ठेवावयास हवी. शुल्क हा अडसर असेल तर शाळांनी व दानशूर मंडळींनी तो दूर करावा.

शिबिरानंतर

शिबिरातून परतलेली सगळीच मुले न्यायसहायक तज्ज्ञ होणार नाहीत. बहुतेक जण अन्य व्यवसायांत जातील. मग या खटाटोपाचे फलित काय?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी फिरणाऱ्या भटक्या जमातीतील पाच जणांना जमावाने ठार केले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्या पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांच्या वाहनचालकाची जमावाने हत्या केली. दोन्ही ठिकाणी आधी अफवा पसरली होती. मुले पळविणारे आले आहेत, चोर आले आहेत, असे मोबाईलवरून व तोंडातोंडी सांगितले गेले होते. त्या जमावांत कोणीही ‘हे तुला कसे ठाऊक?’ असा प्रश्न विचारला नाही, किंवा ज्याने विचारला असेल त्याचे कोणी ऐकले नाही. आठ माणसे गेली आणि त्यांच्या मागे घरे उघडी पडली.

‘चोराने पेला फोडला’ हे वाक्य खोडून ‘काचेचे तुकडे आहेत’ असे लिहावयास शिकलेला मुलगा उद्या कोठेतरी शिक्षक, सरपंच, पोलीस पाटील वा रिक्षाचालक होईल. त्याच्या मोबाईलवरही एखाद्या रात्री असा संदेश येईल. तो पुढे पाठविण्यापूर्वी त्याने क्षणभर हात मागे घेतला, आणि शेजाऱ्यालाही थांबविले, तर एखादे घर वाचेल. सुज्ञ पालकहो, येत्या सुट्टीत आपल्या परिसरात असे शिबिर भरणार असेल तर आपल्या मुलामुलींना अवश्य पाठवा. परत आल्यावर, किती गुन्हेगार पकडलेस, असे विचारू नका. कोणते वाक्य खोडावे लागले, हे मात्र आवर्जून विचारा.